आपल्या गावचे पॉली उमरीगर

ऑस्ट्रियात कित्सब्यूल नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. हिवाळ्यात ते सगळे बर्फात बुडून जाते. त्या गावचा टोनी सायलर नावाचा वीस वर्षांचा मुलगा १९५६ साली इटलीतल्या कोर्तिना येथे हिवाळी ऑलिंपिकला गेला. पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरउतारावरून बर्फावर घसरत यायच्या तिथे त्या वेळी तीन शर्यती होत्या. त्या तिन्ही त्याने जिंकल्या आणि तीन सुवर्णपदके घेऊन तो घरी आला. असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केलेला नव्हता. पुढे दोन-तीन वर्षांत त्याने शर्यती सोडल्या, सिनेमात कामे केली, मग देशाच्या संघाला तयार केले, आणि उतारवयात गावातल्याच एका नामांकित शर्यतीची व्यवस्था पाहिली. २००९ साली तो वारला. गावाचे नाव निघाले की त्याचे नाव आजही सोबत निघते.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माणसाने बर्फाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत मिळणारा गोळा. खरे आहे. पण ही गोष्ट वाचत असताना मला राहून राहून एका माणसाची आठवण येत होती. क्रिकेटच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्या माणसाच्या नावापुढे जन्मगाव म्हणून ‘शोलापूर’ असे छापलेले असते, साहेबाच्या त्या शहामृगातल्या ‘श’सकट. जन्मतारीख २८ मार्च १९२६. नाव पहलान रतनजी उमरीगर. सगळं जग त्यांना पॉली उमरीगर म्हणत असे.

गावातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, याची मी थोडी चौकशी केली. ती कशी झाली ते शेवटी सांगतो. आधी माणूस कोण होता ते पाहू.

घराणे पारशी. वडिलांचा कपड्याचा व्यवसाय. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलपासून भोंग्यांवर उठणारे आणि भोंग्यांवर जेवणारे. कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने इथे बिऱ्हाड करावे यात नवल काही नव्हते. मुलगा शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेले. तेव्हा सोलापूरचा त्यांच्यावर हक्क किती, असा वाद कोणी घातला तर मी तो फार ताणणार नाही. त्यांना घडवले ते मुंबईच्या मैदानांनी. जन्म आणि लहानपणाची काही वर्षे, एवढाच आपला वाटा. परंतु तेवढा आहे, आणि तो सोडून देण्याचे मला काही कारण दिसत नाही.

वयाच्या अठराव्या वर्षी, १९४४ साली, ते पारशांच्या संघातून पंचरंगी सामन्यांत खेळले. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मावर पाडलेले पाच संघ त्या काळी मुंबईत झुंजत. पुढे दोन वर्षांत ते सामने बंद झाले आणि झाले ते बरेच झाले. नंतर पॉली मुंबई विद्यापीठाकडून चमकले. १९४८ साली वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून त्यांनी त्या पाहुण्यांविरुद्ध शतक काढले, आणि त्याच डिसेंबरात मुंबईला त्यांना पहिला कसोटी सामना मिळाला. सहा फुटांच्या आसपास उंची, रुंद खांदे, उजव्या हाताने फलंदाजी, उजव्या हाताने ऑफ ब्रेक गोलंदाजी, आणि फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल घेण्यात तरबेज. म्हणजे एका माणसात दीड माणूस.

त्यांच्या नावाचा पहिला डंका वाजला तो मद्रासला, फेब्रुवारी १९५२ मध्ये. आपण १९३२ सालापासून कसोटी सामने खेळत होतो आणि वीस वर्षांत एकदाही जिंकलो नव्हतो. मद्रासचा सामना सुरू झाला त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली आणि दुसरा दिवस खेळाविना गेला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पंकज रॉय यांनी १११ आणि उमरीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून बारा गडी बाद केले, आणि हिंदुस्थानने इंग्लंडला एक डाव आठ धावांनी हरवले. कसोटी क्रिकेटमधला आपला पहिला विजय. सव्वीस वर्षांचाही पुरता न झालेला हा तरुण एका सामन्यात देशाचा लाडका झाला.

आणि चारच महिन्यांनी देशभर त्याची चेष्टा सुरू झाली.

इथे मला जरा थांबले पाहिजे. उमरीगरांविषयी बोलणारे बरेच लोक हा भाग घाईने उरकतात. मला वाटते, त्यांची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

१९५२ च्या उन्हाळ्यात आपला संघ इंग्लंडला गेला. पहिला कसोटी सामना लीड्सला जूनमध्ये झाला. यजमानांनी फ्रेड ट्रूमन नावाचा एकवीस वर्षांचा, काळ्याभोर केसांचा, यॉर्कशायरचा दांडगा पोरगा प्रथमच आणला होता. आपल्या दुसऱ्या डावाच्या आरंभी धावफलकावर जे आकडे लागले ते पाहून छापखान्यातल्या लोकांना चूक झाली असे वाटले असेल. धावा शून्य आणि बाद चार. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर या चौघांनाही भोपळा. मांजरेकर यांनी तर पहिल्या डावात शतक काढलेले होते! मँचेस्टरला आणखी वाईट झाले. ट्रूमनने ३१ धावांत आठ गडी घेतले आणि आपला संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला, एकदा ५८ धावांत आणि एकदा ८२ धावांत.

या साऱ्या पडझडीत सर्वांत जास्त नाचक्की झाली ती उमरीगरांची. चार कसोटी, सात डाव, धावा अवघ्या ४३. आणि धावा न होणे एक वेळ चालते. त्या कशा झाल्या नाहीत ते सगळ्यांनी पाहिले. ट्रूमन धावत आला की पॉलींचा पाय यष्ट्यांपासून दूर, स्क्वेअर लेगच्या पंचाच्या दिशेने सरकत असे. चेंडू एकीकडे, यष्ट्या मोकळ्या आणि फलंदाज बाजूला. जवळ उभा असणारा इंग्रज क्षेत्ररक्षक टोनी लॉक म्हणे त्यांना विनवू लागला की जरा पलीकडे सरका, तुमच्यामुळे मला गोलंदाज दिसत नाही. खरे-खोटे लॉकला ठाऊक. पण हा विनोद साता समुद्रांपलीकडून इथवर आला आणि वर्षानुवर्षे सांगितला गेला.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रबरी चेंडूने खेळताना कोणी पोरगा बिचकून मागे सरला की मोठी मुले ओरडत, ‘अरे उमरीगर झाला रे!’ मला हे नाव प्रथम असे कानावर आले. ती शिवी आहे असेच मी समजत होतो. एकदा ती माझ्याच वाट्याला आली, म्हणून रडत घरी गेलो. गिरणीत कामाला असणारे माझे मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘कोण हसतंय उमरीगरला? आपल्या सोलापूरचा हाय तो. त्याला म्हणावं, त्या गोऱ्याचा एक चेंडू खेळून दाव.’ मामांनी स्वतः ट्रूमन पाहिला नव्हता. मांडणीवरच्या सुताचे धागे सोडून त्यांनी वेगाने येणारे दुसरे काही पाहिले होते असेही नाही. पण त्यांचा न्याय बरोबर होता.

हिशेबच करून पाहा. बावीस यार्ड म्हणजे वीस मीटरला थोडे जास्त. ताशी एकशे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ते अंतर साधारण अर्ध्या सेकंदात तोडतो. तेवढ्या वेळात पाहायचे, ठरवायचे आणि हलायचे. डोक्यावर कापडी टोपी. शिरस्त्राण क्रिकेटमध्ये आले ते आणखी पंचवीस वर्षांनी. आपल्या मैदानांवर चेंडू मऊपणे उसळतो, तिथे तो ओल्या गवतावरून छातीवर आणि हनुवटीखाली येत होता. आणि आपल्याकडे त्या काळी तसा वेगवान गोलंदाज सरावापुरतासुद्धा कुणी नव्हता. बर्फावरून उतरणाऱ्या त्या टोनी सायलरला निदान लहानपणापासून तोच डोंगर पायाखाली मिळाला होता.

पॉलींना फलंदाजी येत नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते. त्याच दौऱ्यात परगण्यांच्या संघांविरुद्ध आणि इतर सामन्यांत त्यांनी सोळाशेच्या वर धावा केल्या, त्यात द्विशतकेसुद्धा होती. म्हणजे हात शाबूत होते. भीती पायात शिरली होती. ती साऱ्या जगाने पाहिली होती, आणि वय होते अवघे सव्वीस.

अशा वेळी माणसे काय करतात? काही खेळ सोडतात. काही दुसऱ्याला दोष देतात, खेळपट्टीला, पंचाला, निवड समितीला. उमरीगर परत आले आणि नोव्हेंबरात मुंबईला पाकिस्तानविरुद्ध १०२ धावा काढल्या. दोन-तीन महिन्यांनी वेस्ट इंडीजला गेले आणि पाच कसोटींत ५६० धावा केल्या, सरासरी बासष्टच्या वर, दोन शतके, एक पोर्ट ऑफ स्पेनला आणि एक किंगस्टनला. रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीने दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला नाचवले होते. पॉली पुढे सरसावून त्यांना उंच उडवत. तिथले प्रेक्षक खजुरी-माडांच्या देशातले. त्यांनी पॉलींना नाव दिले ‘पाम ट्री हिटर’, म्हणजे माडाच्या शेंड्यावरून चेंडू धाडणारा.

टीकाकारांनी लगेच म्हटले, ठीक आहे, पण ही फिरकी आहे, ट्रूमन कुठे होता? आणि खोटे कशाला बोला, आक्षेपात तथ्य होते. उत्तर द्यायला पॉलींना आणखी सहा वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात मान पुष्कळ मिळाला. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले द्विशतक. या विक्रमाची गंमत ऐका. पुढच्याच कसोटीत मुंबईला विनू मंकड यांनी बरोबर २२३ धावा केल्या, एक कमी नाही की जास्त नाही. आणि जानेवारीत मद्रासला त्याच मंकड यांनी २३१ करून विक्रम आपल्या नावावर केला. दोन महिनेसुद्धा तो टिकला नाही. पण ‘पहिले’ हा शब्द मात्र कोणाला काढून घेता येत नाही. मुंबईच्या त्या कसोटीपासून उमरीगर भारताचे कर्णधार झाले. एकंदर आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित राहिल्या.

कर्णधारपदाचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. १९५८-५९ च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ आला होता. वेस्ली हॉल आणि गिलख्रिस्ट ही वेगवान जोडी आपल्या फलंदाजांना अक्षरशः झोडपत होती. मुंबईची पहिली कसोटी उमरीगरांच्या नेतृत्वाखाली अनिर्णित राहिली. पुढच्या दोन कसोटींत गुलाम अहमद कर्णधार होते. त्या दोन्ही आपण हरलो आणि गुलाम अहमद बाजूला झाले. मद्राससाठी पुन्हा उमरीगरांना बोलावले. सामन्याच्या आदल्या दिवशी संघातली एक जागा मोकळी झाली. पॉलींना तिथे मनोहर हर्डीकर हा फलंदाज पाहिजे होता. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह होता जसू पटेल या फिरकी गोलंदाजाचा. ओढाताण झाली आणि उमरीगरांनी कर्णधारपद सोडले. ज्याला संघ निवडू द्यायचा नाही त्याला हारजितीचा जाब तरी कशाला विचारायचा? मला तरी त्यांचे काही चुकले असे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मंकड कर्णधार झाले आणि उमरीगर त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून मैदानात उतरले. रुसून घरी गेले नाहीत. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत हेमू अधिकारी कर्णधार. पाच सामन्यांत चार कर्णधार! एवढे तर आमच्या गल्लीतही कधी बदलले नाहीत, आणि तिथे तर बॅट ज्याची तोच कर्णधार असे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पुन्हा इंग्लंड. कर्णधार होते दत्ता गायकवाड, लीड्सच्या त्या चार भोपळ्यांतले एक. चौथी कसोटी मँचेस्टरला, त्याच मैदानावर जिथे ५८ आणि ८२ झाले होते. समोर तोच ट्रूमन, आता पूर्ण भरात आलेला. दुसऱ्या डावात आपल्यापुढे साडेपाचशेच्या आसपास धावांचे अशक्य आव्हान होते. अब्बास अली बेग या विद्यार्थ्याने आपल्या पहिल्याच कसोटीत ११२ काढल्या, आणि पॉली उमरीगर यांनी ११८. सामना आपण हरलो. मालिकेतले पाचही सामने हरलो. वर्तमानपत्रांत त्या शतकावर फार शाई खर्च झाली नसावी. पण सात वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्यांचा पाय सरकला होता तिथेच उभे राहून त्यांनी ते काढले, हे मामांच्या लक्षात आले होते. मला आठवते, मामांनी वर्तमानपत्राचे ते पान घडी करून कपाटात ठेवले होते.

आणि त्या जसू पटेलचे काय झाले? तो किस्सा राहिलाच. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच जसू पटेलने पहिल्या डावात ६९ धावांत नऊ आणि सामन्यात एकूण चौदा गडी घेतले, आणि भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळवला. दुसऱ्या डावात पटेलच्या जोडीला गोलंदाजी करून २७ धावांत चार गडी कोणी घेतले? उमरीगर यांनी. ज्याच्यावरून कर्णधारपद गेले त्याच माणसाला विजयी करायला हाच माणूस दुसऱ्या टोकाकडून हातभार लावत होता. पुढच्या हंगामात पाकिस्तानविरुद्ध कानपूर, मद्रास आणि दिल्लीला त्यांची तीन शतके झाली. मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वर्षे जिंकला, त्या मालिकेची सुरुवातही याच वर्षांतली, आणि त्या संघाचा मोठा आधार आणि काही काळ कर्णधार तेच.

१९६२ चा वेस्ट इंडीज दौरा हा त्यांचा अखेरचा. मार्चमध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त हवे होते. ज्यांनी ते दिले त्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डे होते, आणि पॉली उमरीगर होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले. नेतृत्व एकवीस वर्षांच्या पतौडीच्या नवाबांकडे गेले. छत्तिशीतले, पन्नासहून अधिक कसोटी खेळलेले उमरीगर त्या कोवळ्या कर्णधाराच्या हाताखाली खेळले.

एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनची चौथी कसोटी आली. सहकाऱ्याची फुटलेली कवटी पाहून तीन आठवडेही झाले नव्हते. समोर हॉल, सोबर्स, गिब्स. उमरीगर यांनी आधी १०७ धावांत पाच गडी घेतले. मग फलंदाजीला येऊन ५६. संघ १९७ त बाद होऊन फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात ते पुन्हा आले आणि नाबाद १७२ काढल्या, त्याही मनगट झटकत, साडेचार तासांच्या आत. संघाच्या धावा ४२२ झाल्या. तरीही सामना गेला आणि मालिकाही पाच-शून्य अशी गेली. पण माडाच्या शेंड्यांना त्यांची ओळख पटली असणार. त्या मालिकेत आपल्याकडून सर्वाधिक धावा त्यांच्याच. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक कसोटी ५९, सर्वाधिक धावा ३६३१ आणि सर्वाधिक शतके १२, हे तिन्ही विक्रम त्यांचे होते. पुढे सोळा वर्षांनी, १९७८ साली, सुनील गावसकर यांनी धावांचा आणि शतकांचा विक्रम मागे टाकला. आजच्या आकड्यांपुढे ते लहान दिसतात. दिसू द्यावेत. ते सहा-सात सामन्यांच्या हंगामांत आणि आगबोटीने केलेल्या दौऱ्यांत जमवलेले आकडे आहेत.

आता त्या भीतीच्या गोष्टीचा राहिलेला धागा. १९७६ साली भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला, तेव्हा व्यवस्थापक म्हणून उमरीगर सोबत होते. पोर्ट ऑफ स्पेनला आपण चौथ्या डावात ४०६ धावा करून जिंकलो. जिथे त्यांच्या १७२ वाया गेल्या होत्या तिथेच! यजमान खवळले. किंगस्टनच्या कसोटीत होल्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी शरीरावर चेंडूंचा मारा केला. अंशुमन गायकवाड हा तरुण सलामीवीर ८१ धावांपर्यंत उभा राहिला आणि मग चेंडू डाव्या कानावर बसून रुग्णालयात गेला. ब्रिजेश पटेल यांचे तोंड फुटले, विश्वनाथ यांचे बोट मोडले. दुसऱ्या डावात पाच माणसे बाद झाल्यावर खेळायला धड माणूस उरला नाही. व्यवस्थापक उमरीगर यांनी या गोलंदाजीविरुद्ध उघड तक्रार केली. कोणी म्हणाले असेल, याला कशाला विचारता, हा तर स्वतःच ट्रूमनला भ्यायला होता. मला वाटते, म्हणूनच त्यांना विचारायला हवे होते. तो चेंडू अंगावर येतो तेव्हा माणसाचे काय होते, हे त्या तंबूत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? आणि कानावर चेंडू बसलेला तो मुलगा कोणाचा? दत्ता गायकवाडांचा. लीड्सच्या धावफलकावर शून्यावर चार असताना पॉलींच्या आधी जे तंबूत परतले होते, त्यांचा.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९७८ पासून १९८२ पर्यंत ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. क्रिकेट मंडळाचे कार्यकारी सचिव म्हणून कागदपत्रे सांभाळली. मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी तयार करवून घेण्याचे कामही केले. कसोटी कर्णधार राहिलेला माणूस उन्हात उभा राहून माळ्याला पाणी किती घालायचे ते सांगतो आहे, हे चित्र मला त्यांच्या द्विशतकापेक्षाही आवडते. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मंडळाने त्यांच्या नावाने वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय खेळाडूला पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला सचिन तेंडुलकर यांना मिळाला. पुढे विराट कोहली, जसप्रीत बुमराह अशांनी तो घेतला.

आता माझी चौकशी. हे भाषण लिहायला घेतले तेव्हा एका रविवारी सकाळी मी पार्क मैदानावर गेलो. पाच-सात पोरे खेळत होती. मी विचारले, ‘काय रे, पॉली उमरीगर माहीत आहे का?’ एक म्हणाला, ‘हो आजोबा, बुमराहला मिळतं ते.’ मी म्हटले, ‘ते माणसाचं नाव आहे. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या.’ पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग जो गोलंदाजी करत होता, उंचेला, काटकुळा, त्याने चेंडू पँटवर घासत विचारले, ‘फास्ट टाकायचे का?’

मी म्हटले, ‘नाही. ऑफ ब्रेक. फास्टला ते सुरुवातीला घाबरायचे.’

तो हसला नाही. यष्ट्यांपुढे आठ-नऊ वर्षांचे एक पोर उभे होते, बॅट त्याच्या छातीपर्यंत येत होती. त्याने माझ्याकडे मान वळवून विचारले, ‘मग नंतर?’

मी सांगायला लागलो तोवर पलीकडून कोणीतरी ओरडले, ‘टाक रे!’, आणि ते पोर घाईने वळून, बॅट टेकवून उभे राहिले.